काळी एक ते काळी पाच: जपानी दरबारी संगीताची स्वरश्रेणी पेटी-पियानोवर

जपानच्या सम्राटांच्या दरबारात बाराशेहून अधिक वर्षे चालत आलेल्या संगीताला ‘गागाकू’ म्हणतात. ते शिकण्यासाठी जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे उत्तर वाटते त्यापेक्षा जवळचे आहे, कारण या संगीतातील ‘रित्सू’ नावाची मुख्य स्वरश्रेणी षड्ज, शुद्ध रिषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि शुद्ध धैवत या पाच सुरांची आहे, आणि हेच पाच सूर आपल्याकडे दुर्गा रागात लागतात. ‘र्‍यो’ ही दुसरी श्रेणी मध्यमाऐवजी शुद्ध गांधार घेते, म्हणजे तिच्यात भूपाचे पाच सूर येतात. खानदेशातील संगीतवर्गांत पेटी शिकणारी मुले भूप आणि दुर्गा अगदी सुरुवातीच्या परीक्षांसाठी घोटतात, त्यामुळे गागाकूच्या दोन्ही श्रेणींचे सांगाडे त्यांच्या बोटांखाली आधीच असतात. सांगाडा मिळाला म्हणजे संगीत मिळाले असे मात्र नाही. गागाकूचा कोणता भाग पट्ट्यांच्या वाद्यावर येतो, कोणता अर्धवट येतो आणि कोणता मुळीच येत नाही, हे नेमके समजून घेतले तरच हा अभ्यास फळतो, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

पेटीवरच्या पट्ट्यांची नावे आपल्याकडे ठरलेली आहेत. पाश्चात्त्य ‘सी’ ही पांढरी एक, तिच्यानंतरची काळी पट्टी ही काळी एक, आणि याप्रमाणे एका सप्तकात सात पांढर्‍या व पाच काळ्या पट्ट्या येतात. काळी एकला षड्ज धरून फक्त काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवल्या तर सा, रे, म, प, ध असे सूर उमटतात आणि रित्सू श्रेणी जशीच्या तशी हाती येते. त्याच पाच पट्ट्या काळी तीनपासून वाजवल्या तर सा, रे, ग, प, ध असे सूर मिळतात, आणि ती र्‍यो श्रेणी होते. हे घडते ते भारतीय संगीतशास्त्रात ज्याला मूर्च्छना म्हणतात त्या तत्त्वाने: सूर तेच ठेवून आरंभाचा सूर बदलला की श्रेणीचे रूप बदलते. हाच प्रयोग काळी दोनपासून केल्यास धानीचे, काळी चारपासून केल्यास मध्यमाद सारंगाचे आणि काळी पाचपासून केल्यास मालकंसाचे सूर मिळतात. पियानोवर किंवा घरोघरी ‘कॅसिओ’ या नावानेच ओळखल्या जाणार्‍या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरही पट्ट्यांची मांडणी हीच असल्याने हे सर्व तिथेही तसेच्या तसे लागू पडते. हा कीबोर्ड ज्या कंपनीच्या नावाने आपल्याकडे ओळखला जातो ती कंपनी जपानचीच असून तिने आपला पहिला कीबोर्ड १९८० मध्ये बाजारात आणला.

हे पाच सूर जपानला कोठून मिळाले, याचे उत्तर चीनमध्ये आहे. चिनी शास्त्रकारांनी सूर काढण्याची एक साधी गणिती रीत बसवली होती. एका लांबीच्या नळीचा किंवा तारेचा एक तृतीयांश भाग कमी केला की पंचम मिळतो, आणि आलेल्या लांबीत तिचाच एक तृतीयांश मिळवला की रिषभ मिळतो. पुन्हा तृतीयांश कमी केल्यावर धैवत आणि पुन्हा मिळवल्यावर गांधार असा हा क्रम पुढे जातो. या रीतीने मूळ लांबी १ मानली तर पंचम २/३, रिषभ ८/९, धैवत १६/२७ आणि गांधार ६४/८१ इतक्या लांबीवर येतो, म्हणजे षड्ज-पंचम भावाची साखळी पुढे पुढे नेऊन पाच सूर घडवलेले असतात. साखळीचा पहिला दुवा षड्ज मानला तर र्‍यो श्रेणी होते, आणि पहिल्याऐवजी दुसरा दुवा षड्ज मानला तर रित्सू होते. या पाच सुरांना जपानी शास्त्रात क्यू, शो, काकू, ची आणि उ अशी नावे आहेत. त्यांच्याखेरीज दोन उपस्वर प्रत्येक श्रेणीत घेतले जातात: र्‍योमध्ये तीव्र मध्यम व शुद्ध निषाद, आणि रित्सूमध्ये कोमल गांधार व कोमल निषाद. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांच्या भाषेत सांगायचे तर उपस्वरांसह र्‍यो हा कल्याण थाट होतो आणि रित्सू हा काफी थाट होतो. प्रत्यक्ष वादनात या शास्त्राशी पुष्कळ फारकत दिसते, परंतु शिकणार्‍याच्या सोयीसाठी ही चौकट पुरेशी भक्कम आहे.

गागाकूचा राजाश्रयाखालचा इतिहास ७०१ पासून मोजता येतो. त्या वर्षीच्या ताइहो संहितेने दरबारात संगीताचे स्वतंत्र खाते स्थापन केले, आणि चीन व कोरिया येथून आलेल्या वादन-नृत्यपरंपरा त्या खात्याकडे सोपवल्या गेल्या. चीनकडून आलेल्या भांडाराला तोगाकू आणि कोरियाकडून आलेल्या भांडाराला कोमागाकू म्हणतात. खुद्द भारताचाही या भांडारात वाटा आहे, आणि तो केवळ दंतकथेतला नाही. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचला, त्याच्याबरोबर चंपा देशातून, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या किनार्‍यावरील राज्यातून, आलेला एक भिक्षू होता, आणि जपानी परंपरा या दोघांकडे ‘रिन्यूगाकू’ या नृत्यसंगीताचे श्रेय देते. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, तेव्हा डोळे रंगवण्याचा विधी बोधिसेनानेच केला आणि त्या सोहळ्यात अनेक देशांची नृत्ये व वाद्ये सादर झाली. कलविंक पक्ष्याचे पंख लावून मुलांनी करायचे ‘कार्योबिन’ हे नृत्य आजही गागाकूच्या भांडारात आहे, आणि त्याचे कथासूत्र भारतातल्या जेतवन विहाराशी जोडलेले आहे.

खानदेशच्या वाचकाला या देवाणघेवाणीचा एक दाखला घराशेजारीच पाहता येतो. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर, फर्दापूरजवळ असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती स्त्रियांचा वाद्यवृंद रंगवलेला आहे आणि त्यात बासरी व अवनद्ध वाद्ये स्पष्ट दिसतात. ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली जातात, म्हणजे गागाकूचे दरबारी खाते स्थापन होण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची. या चित्रांवरून गागाकूतील एखादे वाद्य थेट अजिंठ्याहून गेले असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. बौद्ध जगातील वाद्यवृंदाची जी कल्पना मध्य आशिया आणि चीनमार्गे पूर्वेकडे गेली, तिचे एक जुने आणि अस्सल भारतीय रूप मात्र इथे भिंतीवर टिकले आहे, एवढे निश्चित म्हणता येते. जपानी कलावंतांनाही हे नाते जाणवले होते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून आलेले चित्रकार आराई काम्पो १९१६ ते १९१८ या काळात भारतात होते, आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढल्या, कारण जपानमधील होर्‍यूजी मंदिराची भित्तिचित्रे आणि अजिंठा यांची तुलना त्या काळी जपानी अभ्यासकांच्या मनात घर करून होती. होर्‍यूजीची ती चित्रे १९४९ च्या आगीत जळाली, त्यामुळे अजिंठ्याचे मोल जपानच्या दृष्टीनेही वाढले.

पेटी आणि गागाकू यांचे नाते याहूनही जवळचे आहे, आणि आश्चर्य असे की ते सुरांपेक्षा ध्वनी निर्माण करण्याच्या तंत्रातून आलेले आहे. गागाकूतील ‘शो’ हे वाद्य म्हणजे एका लहान वाटीत उभ्या बसवलेल्या बांबूच्या १७ नळ्यांचा गुच्छ असतो. त्यातल्या १५ नळ्यांच्या तळाशी धातूची पातळ जीभ बसवलेली असते, वादक वाटीच्या तोंडाला ओठ लावून फुंकतो आणि श्वास आत ओढतो, आणि दोन्ही वेळा जीभ थरथरून सूर उमटतो. चौकटीत अडकून न पडता मोकळी हलणार्‍या या जिभेचे तत्त्व पूर्व आशियात फार जुने आहे. चीनमध्ये ‘शंग’ नावाने ओळखले जाणारे शोचे मूळ भावंड अठराव्या शतकात युरोपच्या अभ्यासकांपर्यंत पोचले, कोपनहेगनमध्ये क्रात्झेनश्टाइन यांनी १७८० च्या सुमारास अशाच जिभा वापरून प्रयोग केले, आणि १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें यांनी ‘हार्मोनियम’ या नावाने वाद्य सिद्ध केले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी बनवली, ती नाटक कंपन्यांबरोबर आणि भजनी मंडळांबरोबर महाराष्ट्रभर पसरली, आणि खानदेशातील गावोगावच्या मंदिरांत आज तिच्याशिवाय भजन उभे राहत नाही. जपानमध्येही असेच घडले. तोराकुसू यामाहा यांनी १८८७ मध्ये हामामात्सू येथील शाळेतला एक बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, तोही मोकळ्या जिभेचाच होता, आणि त्या दुरुस्तीतून पुढे जगप्रसिद्ध झालेला वाद्यनिर्मितीचा उद्योग उभा राहिला. शो आणि पेटी ही एकाच कुळातली वाद्ये आहेत, म्हणून गागाकूच्या अभ्यासासाठी पियानो मिळत नाही याचे दुःख पेटी असलेल्या विद्यार्थ्याने करण्याचे कारण नाही. एका महत्त्वाच्या बाबतीत त्याच्याजवळचे वाद्य पियानोपेक्षा सरस आहे.

ती बाब समजण्यासाठी गागाकूचा वाद्यमेळ ध्यानात घ्यावा लागतो. मुख्य चाल हिचिरिकी हे वाद्य वाहते, आणि ते सनईच्या जातीचे, दुहेरी पातीचे, सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचे बांबूचे वाद्य आहे, त्याची झेप जेमतेम एका सप्तकापेक्षा थोडी अधिक आहे आणि त्याचा आवाज मात्र सार्‍या वृंदावर तरंगतो. आडवी बासरी ‘र्‍यूतेकी’ तीच चाल आपल्या पद्धतीने, जागोजागी किंचित वेगळ्या सुरांनी घेते. शो चाल वाजवत नाही. ते वाद्य एकाच वेळी पाच किंवा सहा सूर धरते, या ठरलेल्या स्वरसमूहांना ‘आइताके’ म्हणतात, त्यांची संख्या अकरा मानली जाते, आणि त्यातले अनेक समूह आपल्या कानाला आधी गजबजलेले वाटतात, कारण त्यात शेजारशेजारचे सूर एकत्र वाजतात. चार तारांची बिवा आणि तेरा तारांचे कोतो ही तंतुवाद्ये ठरावीक झंकार देत राहतात. काक्को हा लहान ढोल लय सांभाळतो, मोठा ताइको आवर्तनाची सम दाखवतो आणि शोको ही छोटी थाळीसारखी घंटा त्याच्या मागून किणकिणते. शोचा सूर एका श्वासात हळूहळू फुलतो आणि मग ओसरत पुढच्या आइताकेकडे जातो, आणि हा बदलही सर्व बोटांनी एकदम न करता एकेक बोट क्रमाने हलवून केला जातो. पियानोची पट्टी दाबताच सूर सर्वांत मोठा असतो आणि क्षणाक्षणाने विरत जातो, म्हणजे शोच्या नेमका उलट. पेटीवर भाता सावकाश उघडत नेला की सूर शोसारखाच फुलतो, आणि भात्याचा दाब सैल केला की ओसरतो. यासाठी पेटीवादकाला त्याच्या नेहमीच्या सवयीविरुद्ध, म्हणजे भाता एकसारखा न चालवता, दाब मुद्दाम कमी-जास्त करत शिकावे लागते.

पियानोचे सामर्थ्य दुसरीकडे आहे. कोतोची तार छेडल्यावर जो सूर निघतो तो पियानोसारखाच उमटतो आणि विरतो, आणि गागाकूतील कोतोवादन बरेचसे ठरावीक आकृतिबंधांवर चालते. त्यातल्या ‘शिझुगाकी’ आणि ‘हायागाकी’ या दोन मूलभूत आकृती, पहिली संथ आणि दुसरी त्याहून जलद, पियानोवर सहज बसवता येतात आणि त्यातून रित्सूचे सूर बोटांना पक्के होतात. कीबोर्डवर ध्वनिप्रकार निवडण्याची सोय असेल तर एका हाताने पियानोचा आणि दुसर्‍या हाताने ऑर्गनचा आवाज घेऊन कोतो आणि शो ही दोन्ही अंगे एकट्याने सांभाळता येतात, आणि हा सराव फार उपयोगी ठरतो.

चालीचे अंग, म्हणजे हिचिरिकीचे काम, पट्ट्यांच्या कोणत्याही वाद्यावर पूर्ण येत नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे. हिचिरिकीचा वादक ओठांचा दाब बदलून एका सुराच्या खालून किंवा वरून हळूहळू मूळ सुरावर येतो, त्या सुराभोवती झुलतो आणि पुढे सरकतो. या क्रियेला ‘एनबाइ’ म्हणतात, आणि आपल्या मींडेशी तिचे साम्य लगेच ध्यानात येते, मात्र मींड जशी दोन सुरांना जोडते तशी एनबाइ बहुधा एकाच सुराला आकार देते. पेटीवर मींड येत नाही, हा आपल्याकडचा जुना आक्षेप आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर जी बंदी घातली आणि जी पुढे जवळजवळ तीन दशके टिकली, तिच्या मुळाशी हा आक्षेप आणि पेटीच्या कृत्रिम स्वरांतराबद्दलचा आक्षेप, असे दोन्ही होते. गागाकू शिकणार्‍याला तोच पेच पुन्हा भेटतो. त्यावरचा उपाय आपल्याही गुरुजनांनी सांगितलेलाच आहे: आधी गळ्याने गा, मग वाजवा. गागाकूतही हिचिरिकीचा विद्यार्थी वाद्य हाती घेण्यापूर्वी ‘शोगा’ म्हणजे चालीचे निरर्थक पण ठरलेले अक्षरोच्चार मांडीवर हाताने मात्रा धरत गाऊन पाठ करतो, आणि एनबाइचे सारे बारकावे त्या गाण्यातच साठवलेले असतात. तबल्याचे बोल तोंडी म्हणण्याची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. खानदेशात तर ओवीपासून कानबाईच्या गाण्यापर्यंत सारे भांडार कागदावाचून, एका गळ्याकडून दुसर्‍या गळ्याकडे आलेले आहे, आणि बहिणाबाई चौधरींची रचनाही आधी तोंडीच होती.

सुरांच्या नेमक्या उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. सप्तकाचे १२०० समान भाग पाडले तर त्या एका भागाला ‘सेंट’ म्हणतात, आणि पियानोवरचे लगतचे दोन सूर नेमके १०० सेंटच्या अंतरावर असतात. षड्ज-पंचम साखळीने काढलेला गांधार षड्जापासून ४०८ सेंटवर येतो, पियानोचा ४०० वर असतो, आणि तानपुर्‍याच्या षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो ३८६ वर असतो. भूप गाणारा गायक या ३८६ च्या आसपासचा गांधार लावतो, म्हणून पेटीचा गांधार त्याला चढा वाटतो. गागाकूच्या शास्त्राप्रमाणे पाहिले तर तोच पेटीचा गांधार किंचित उतरलेला ठरतो. धैवताचेही तसेच आहे, कारण साखळीचा धैवत ९०६ सेंटवर, पियानोचा ९०० वर आणि तानपुर्‍याशी जुळणारा ८८४ वर येतो. याचा अर्थ असा की रित्सूच्या कोणत्याही सुरात पियानो आणि गागाकूचे शास्त्र यांच्यातला फरक सहा सेंटपलीकडे जात नाही, आणि दुर्गा मात्र पियानोवर धैवताला १६ सेंटने खटकतो. ज्या वाद्यावर आपला दुर्गा थोडा बेसूर होतो त्याच वाद्यावर जपानी रित्सू जवळजवळ सुरात वाजते. आपल्याच परंपरेत याची चाहूल देणारे एक उदाहरण आहे: भूप आणि देसकार यांचे सूर तेच असूनही देसकाराचा धैवत थोडा चढा लावावा असे जाणकार सांगतात.

या प्रश्नाने दोन्ही देशांत बुद्धिमान माणसांना झपाटले होते. शोहेइ तानाका हे १८६२ मध्ये जन्मलेले जपानी पदार्थवैज्ञानिक बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे शिकले, त्यांनी शुद्ध स्वरांतरे देणारी पेटी तयार केली आणि १८९० मध्ये त्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. इकडे महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची मोजमापे घेतली, त्यांचे २२ श्रुतींवरील पुस्तक १९१० मध्ये निघाले, आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साह्याने श्रुतिपेटीची कल्पना पुढे आली. अशा पेट्या ना जपानच्या शाळांत पोचल्या ना आपल्या बैठकांत. दोघांच्या प्रयत्नांमागची तळमळ मात्र खरी होती, आणि पट्ट्यांचे वाद्य हाती घेणार्‍या प्रत्येक विद्यार्थ्याने ती निदान समजून घेतली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला आवर्जून वाटते.

प्रत्यक्ष शिकताना काळ्या पट्ट्यांवरचा सराव पुरेसा झाल्यावर ‘ह्योजो’ या गागाकूच्या खर्‍या पट्टीकडे जावे. तोगाकूत सहा मुख्य स्वरबंध मानले जातात. इचिकोत्सुचो, सोजो आणि ताइशिकिचो हे तीन र्‍यो जातीचे आहेत, आणि ह्योजो, ओशिकिचो व बान्शिकिचो हे तीन रित्सू जातीचे आहेत. ह्योजोचा षड्ज पांढरी तीनवर येतो, रिषभ काळी तीनवर, मध्यम पांढरी सहावर, पंचम पांढरी सातवर आणि धैवत पुढच्या सप्तकातल्या काळी एकवर. सोजो तर पांढरी पाचपासून केवळ पांढर्‍या पट्ट्यांवर वाजतो. गागाकूची स्वरपट्टी नेहमीच्या वाद्यांपेक्षा खाली असते, कारण तिथे पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४३० कंपनांवर बांधतात आणि आपल्या पेट्या व कीबोर्ड साधारण ४४० वर असतात, म्हणजे फरक सुमारे ४० सेंटचा होतो. अनेक इलेक्ट्रॉनिक कीबोर्डांत सारा स्वरमेळ खाली-वर करण्याची सोय असते, तिचा उपयोग केल्यास जपानी ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवता येते. पेटीवर मात्र ही तडजोड शक्य नसते आणि ध्वनिमुद्रणाबरोबर न वाजवता ते ऐकून नंतर वाजवणे हाच मार्ग उरतो.

स्वरबंध म्हणजे केवळ सूर नव्हेत, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या जपानी संकेताप्रमाणे सोजो वसंताचा, ओशिकिचो ग्रीष्माचा, ह्योजो शरदाचा आणि बान्शिकिचो हिवाळ्याचा, आणि इचिकोत्सुचो या सार्‍यांच्या मध्यभागी. आपल्या रागांना प्रहर आहेत, ऋतूही आहेत, आणि खानदेशाच्या लोकगीतांतही आखाजीची गाणी वैशाखात, कानबाईची श्रावणात आणि गुलाबाईची भाद्रपद-आश्विनातच म्हटली जातात. प्रत्येक स्वरबंधाची ओळख करून देणारी ‘नेतोरी’ नावाची छोटी रचना मुख्य रचनेपूर्वी वाजवतात, तिच्यात वादक एकेक करून प्रवेश करतात, त्या बंधाचे ठळक सूर दाखवतात आणि वाद्यांचा मेळही जमवतात. पियानो किंवा पेटीवर शिकणार्‍याने ह्योजोची नेतोरी हाच पहिला पाठ मानावा, कारण ती लहान असते, तिला बांधील ताल नसतो आणि प्रत्येक सूर किती वेळ धरायचा याचा विवेक ती शिकवते.

पहिली पूर्ण रचना म्हणून सर्वत्र ‘एतेनराकू’ घेतली जाते. गागाकूतील ही सर्वांत परिचित रचना ह्योजोत आहे, जपानी विवाहप्रसंगी ती नेहमी ऐकू येते, आणि ‘कुरोदाबुशी’ हे लोकगीत तिच्याच चालीतून आलेले आहे. ती फार विलंबित लयीत सुरू होते, एकट्या र्‍यूतेकीने चाल उचलली की तालवाद्ये येतात, मग शो व हिचिरिकी, त्यांच्यामागून बिवा आणि शेवटी कोतो, आणि लय नकळत चढत जाते. हिदेमारो कोनोए यांनी १९३१ मध्ये ही रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बसवली. पियानोवर तिची सोपी रूपे उपलब्ध असतात, पण त्यांतल्या पुष्कळ रूपांत डाव्या हाताला पाश्चात्त्य पद्धतीचे तीन सुरांचे स्वरसंघात दिलेले असतात, आणि ते टाळावेत हे बरे, कारण त्यांनी चाल ओळखीची वाटते आणि गागाकूचा स्वभाव नाहीसा होतो. जपानच्या राष्ट्रगीताची चाल १८८० मध्ये दरबारी गागाकू वादकांनी रचली आणि जर्मन बँडमास्टर फ्रांझ एकर्ट यांनी तिला स्वरसंघात जोडले, तेव्हा त्यांनीही आरंभीचा आणि शेवटचा भाग संघाताविना, सर्व वाद्यांना एकाच सुरात, ठेवला. त्या काळात दरबारी वादकांना पाश्चात्त्य संगीत शिकणे १८७४ पासून बंधनकारक झाले होते, त्यामुळे एकाच माणसाच्या हाती हिचिरिकी आणि व्हायोलिन दोन्ही येऊ लागली. त्याच वादकांनी बालवाडीतल्या मुलांसाठी र्‍यो आणि रित्सू श्रेणींत गाणीही बांधली. अलीकडे दरबारी वादकांच्या जुन्या घराण्यातील हिदेकी तोगी यांनी हिचिरिकीला पियानोची साथ देऊन जे वादन केले, ते या वाटेने चालणार्‍याने जरूर ऐकावे.

एतेनराकू ह्योजोत बसली की तीच रचना ओशिकिचो आणि बान्शिकिचो या दुसर्‍या दोन रित्सू बंधांत घ्यावी. गागाकूत एक रचना एका बंधातून दुसर्‍यात नेण्याला ‘वाताशिमोनो’ म्हणतात, आणि ते काम कीबोर्डवरचे स्वरपट्टी बदलण्याचे बटण दाबण्याइतके सरळ नसते, कारण हिचिरिकीची झेप लहान असल्याने नव्या बंधात चालीचे काही भाग वरच्या किंवा खालच्या सप्तकात वळवावे लागतात आणि त्या ओघात चालीचे रूपच पालटते. तिन्ही रूपे शेजारी ठेवून, आधी शोगाच्या पद्धतीने गाऊन आणि मग पट्ट्यांवर शोधून पाहिली, तर चालीचा कोणता भाग सर्वत्र टिकतो आणि कोणता बंधागणिक बदलतो हे कळू लागते. बान्शिकिचोसाठी षड्ज पांढरी सातवर घ्यावा लागतो, रिषभ, पंचम आणि धैवत तिन्ही काळ्या पट्ट्यांवर येतात, आणि पेटीवर हा हात बसायला वेळ लागतो, म्हणून तो सर्वांत शेवटी घेणे सोयीचे.